पहिल्या जाळ्याचा वाटा

मनिरामचं एक वागणं मला कधीच पटलं नाही, आणि ते मी त्याच्या तोंडावर बोलून दाखवायची. देशभरच्या तलावांबद्दल बोलणारा हा माणूस सिरसाटोल्यात पाय ठेवला की मुका व्हायचा. सख्खा भाऊ खाटेवर पडलेला, अन् हा त्याच्याकडे पाठ करून सपरीच्या खांबाला टेकून बसायचा. जसं काही अंगणातल्या कोंबड्या राखायलाच याला नागपूरहून बोलावलं आहे.

त्या दिवशीही तसाच बसला. पोळा होऊन गेला होता, तलाव काठोकाठ होता, दुसऱ्या दिवशी पहिलं जाळं पडायचं होतं. मी चुलीवर भात टाकला आणि आतूनच म्हटलं, "मनिराम, इकडे तोंड करून बस. तुझा दादा पाहून राहिला."

तो नुसता मान हलवून म्हणाला, इथं वारा चांगला येतो.

वारा कसला येतो बापा, झाडाचं पान हलत नव्हतं.

मनिराम माझा दीर. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा हा कमरेला करदोडा बांधून उघडा हिंडत होता. सासू त्याच्या बाळंतपणातच गेलेली. म्हणजे नावाला मी वैनी; त्याची आंघोळ, त्याचा ताप, त्याची शाळा, सगळं माझ्या पदराखाली झालं. मी स्वतः दुसरीत शाळा सोडलेली. पण याला अभ्यासाला बसवताना मी समोर काठी घेऊन अशी बसायची, की मास्तरला वाटावं मीच पुढच्या वर्गाची आहे. पोरगा हुशार निघाला. मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरातून कॉलेजात जाणारा तो आमच्या टोल्यातला पहिला. पुढं डॉक्टर झाला. डॉक्टर म्हटल्यावर शेजारची फुलवंता गुडघा दाखवायला आली. हा म्हणाला, आजी, मी माणसांचा नाही, तलावांचा डॉक्टर आहे. तर ती म्हणाली, मग तलावाला सुई कुठं टोचतोस रे पोरा?

तिला हसू आलं होतं, पण तो खरंच टोचायचा. लांब नळी तलावाच्या तळात खुपसायचा आणि आतला गाळ उभाच्या उभा बाहेर काढायचा. त्या गाळात थर असतात म्हणे. कोणत्या साली वरचं जंगल तुटलं, कधी शेतातलं खत वाहून आलं, कधी कारखान्याची राख पडली, सगळं त्या थरांत बसलेलं दिसतं. काश्मीरपासून मणिपूरपर्यंत त्यानं अशा नळ्या खुपसल्या. माणसांनी पाण्याचं काय वाटोळं केलं हे शोधण्यात याचा जन्म गेला. पेपरात फोटो यायचा. मी तो डब्याच्या झाकणात चिकटवायची. फक्त सिरसाटोल्याच्या तलावात त्यानं कधी नळी खुपसली नाही. तलावाच्या बांधाला आम्ही पाळ म्हणतो, तिच्यावर पायसुद्धा ठेवायचा नाही. आला की घर, गेला की मोटार.

आता या तलावाचं आणि आमच्या घराचं काय झालं होतं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्यात पहिल्या जाळ्याला सगळा टोला उतरतो. मोठं जाळं सगळे मिळून ओढतात आणि पाळीवर पळसाच्या पानांवर वाटे घालतात. घर तेवढे वाटे. घरात विधवा असो, आजारी असो, हात मोडलेला असो, वाटा निघतोच. ज्याचा वाटा निघतो तो तलावाचा. पहिला ढीग जाळ्याच्या म्होरक्याच्या घरी जातो, मग बाकीचे. माझे घरधनी पुष्कळ वर्षं म्होरके होते, ढिवरांच्या सोसायटीचे अध्यक्ष होते. पहिला ढीग माझ्या दारात यायचा, आणि तो उतरवून घेताना माझी मान कशी असायची हे टोल्यातल्या बायकांना अजून आठवतं. त्यांना ती तेव्हाही आवडत नव्हती.

मग तलावात चिला फार माजला. पाण्याखालचं ते गवत, त्यात जाळी अडकायची, फाटायची. त्या काळात गवत खाणाऱ्या परक्या माशाची चर्चा निघाली होती. सोसायटीत बैठक झाली आणि जुन्या माणसांनी नाही म्हटलं. ज्या माशाचं नाव आपल्या आजाला ठाऊक नाही तो आपल्या पाण्यात नको. घरधन्यांनी अध्यक्ष म्हणून तसा ठराव केला. आणि दीडदोन वर्षांनी जाळ्यात तोच मासा आला. हातभर लांब, गुबगुबीत, तोंडात गवत.

पहिल्यांदा लोक खूश झाले. चिला गेला, पाणी मोकळं झालं. मग त्या माशानं पाण्यात आपोआप उगवणारं देवधान खाल्लं, कमळाचे कोंब खाल्ले, शिंगाड्याची रोपं खाल्ली. तलावात हिरवं काही उरलं नाही. मरळ गवतात घरटं करते, तिला जागा राहिली नाही. छोटे मासे गवतात लपायचे, ते संपले. बदकं यायची बंद झाली. पाणी शेवाळून हिरवंगार झालं आणि उन्हाळ्यात त्याला असा वास सुटायचा की जनावर तोंड लावायचं नाही. टोला बैठकीला बसला. त्या माशाचं बी कोणी सोडलं? तेव्हा माझे घरधनी उठले आणि म्हणाले, "मी सोडलं."

स्वतःच ठराव करून स्वतःच मोडला. त्या दिवसापासून आमचा वाटा बंद झाला.

मी घरी आल्यावर त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, तलाव साफ होईल असं वाटलं. मी पुन्हा विचारलं नाही. बाहेर भांडायचं असलं की घरात फट दिसू द्यायची नाही, असा माझा कायदा. आणि मी भांडले. विहिरीवर भांडले, बाजारात भांडले, लग्नाच्या मांडवात भांडले. एक म्हणायची, तुझ्या नवऱ्यानं तलाव खाल्ला. मी म्हणायची, तुझ्यानं बायकोचे डागदागिने खाल्ले, त्याचं काय? ते मात्र खाली मान घालून रस्त्याच्या कामावर जायचे. ज्या माणसाच्या हातातून जाळं उडालं की पाण्यावर ताटासारखं गोल पडायचं, तो गिट्टी फोडत होता. माझा लेक किसन ढिवराचा पोरगा असून राईस मिलमध्ये पोती उचलत होता, कारण बापाचा वाटा नाही तर लेकाला जाळं नाही. मी लांबच्या बाजारातून सुकट आणून गावोगाव विकत होते. आपल्या पाळीखाली घर, आणि टोपलीत दुसऱ्याच्या पाण्यातला मासा.

त्या साली घरधन्यांना वारा मारून गेला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा हलायचा. वैद्य म्हणाला होता, हा हिवाळा निघाला तर नशीब. माझ्या मनात एकच धरून बसलं होतं. त्यांचे डोळे मिटायच्या आत पाळीवरून एक वाटा आमच्या दारात आला पाहिजे. पानावर चार झिंगे का असेनात. पण त्यांच्या नावाचा.

आणि ते मिळवून देणारा माणूस माझ्या सपरीत पाठ करून बसला होता.

कारण या खेपेला मनिराम रिकाम्या हातानं आलेला नव्हता. एवढी वर्षं ज्या तलावाकडे पाहिलं नाही, त्याच तलावासाठी नोकरीच्या शेवटी शेवटी त्यानं मोठी योजना मंजूर करून आणली होती. परका मासा शेवटच्या पिल्लापर्यंत काढायचा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तळ नांगरायचा, चिला, देवधान, कमळ परत लावायचं, ते बायकांनी लावायचं. वरच्या शेतातलं खताचं पाणी अडवायचं. दोन वर्षं जाळं कमी टाकायचं, मग तलाव आपोआप उभा राहील. त्यासाठी सोसायटीचा ठराव पाहिजे होता आणि त्या दुपारीच सभा होती. पण त्याच सभेत एक ठेकेदारही यायचा होता. त्याला तलाव भाड्यानं पाहिजे होता. पाण्यात पिंजरे टाकून मासे वाढवणार, टोल्यातल्या पोरांना मजुरीवर ठेवणार. सोसायटीचा नवा अध्यक्ष शालिक मारबते त्याच्या जीपमधून हिंडताना दिसत होता. दोन्हींतलं एकच व्हायचं होतं. आणि एकदा पिंजरे पडले की तलाव ढिवरांचा राहणार नव्हता, हे न शिकलेल्या माणसालाही कळत होतं.

मी ताट वाढलं. घरधन्यांना मऊ भात भरवत भरवतच मी मनिरामला सांगितलं की आज तू उठायचं आणि आधी भावाचा वाटा मागायचा. योजना तू आणली, गरज त्यांना आहे. पहिले वाटा, मग तलाव. शालिक एवढासा होईल.

तो भातात बोटं फिरवत राहिला.

मी म्हटलं, "ऐकलंस का? का दिल्लीतच बोलता येते तुले?"

"मले ते मागता येत नाही, वैनी."

"कायले? जीभ झिजते का?"

"मागायचा हक्क नाही मले."

मी चमचा खाली ठेवला. आता माझं डोकं फिरलं होतं. मी त्याला सुनावलं की ज्या माणसाच्या जाळ्याच्या कमाईवर तुझी पुस्तकं आली, त्याच्यासाठी तुझ्या तोंडातून एक शब्द निघत नाही. तू सगळ्या जगाच्या तलावांचा कैवारी, अन् आपल्या भावाची लाज वाटते तुला. त्यानं तलाव बिघडवला असेल, पण तो तुझा बाप होता.

तेव्हा मनिराम वळला. पहिल्यांदा वळला. माझ्याकडे नाही, खाटेकडे.

"दादानं नाही बिघडवला," तो म्हणाला. "मासे मी सोडले."

घरधन्यांचा डावा हात खाटेच्या माच्यावर आपटला. जोरात. एवढा जोर त्या हातात असेल असं मला वाटलं नव्हतं.

मनिराम थांबला नाही. जसा बांध फुटतो तसं त्याच्यातून निघालं. तेव्हा तो नागपूरला शिकत होता. त्याच्या परीक्षेच्या प्रबंधाला एक तलाव पाहिजे होता, ज्यात तो मासा सोडून गवत कसं कमी होतं हे दाखवता येईल. त्यानं दादाला विचारलं. दादा म्हणाले, ठराव झाला आहे, नाही. याला वाटलं, अडाणी माणसं आहेत, घाबरतात. जाळी फाटायची थांबली की मलाच डोक्यावर घेतील. हवा भरलेल्या पिशव्यांत बी घेऊन तो पहाटे तलावाच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात उतरला आणि सोडून आला. पिशव्या तिथंच विसरला. दादांनी त्या उचलल्या, पुरल्या, आणि घरी आल्यावर याला एवढंच म्हणाले, परीक्षा नीट दे. बैठक बसली त्या महिन्यात याची नोकरीची मुलाखत होती. पोलिसात तक्रार करू असं लोक म्हणत होते. दादा उठले आणि बोलून मोकळे झाले.

"मी त्या दिवशी नागपूरहून निघालो होतो, वैनी. सांगायले. दादा मले एस. टी. स्टँडवर भेटले. तिथूनच परत बसवून दिलं. म्हणाले, तू शीक. तलाव कसा मरते ते पाहिलंस, आता कसा जगते ते शीक. शिकून ये."

"अन् तू शिकतच राहिलास," मी म्हटलं.

"हो."

"तीस वर्षं."

तो रडत होता. मी नाही रडले. मला माझ्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहायचं होतं. मी आयुष्यभर जगाशी भांडून ज्याची बाजू घेतली, त्याची बाजू खरीच होती, हे मला त्या दिवशी भात भरवता भरवता कळलं. आणि त्यानं ते मला सांगितलं नव्हतं. खाटेवरचे ते दोन डोळे माझ्याकडे पाहत होते, तोंडाच्या कोपऱ्यातून भाताची पेज ओघळत होती. मी ती पुसली. मला राग एवढा आला होता की पदर त्यांच्या हनुवटीवर जरा जोरातच फिरला. माझ्यापासून लपवलंत? माझ्यापासून? मी काय टोल्यात दवंडी पिटली असती?

पिटली असती. त्यांना मी ठाऊक होते.

मनिरामनं तोंड पुसलं. तो म्हणाला, आज सभेत सगळं सांगतो. दादाचं नाव मोकळं करतो. आता माझी नोकरी गेली काय अन् मान गेला काय. पुन्हा माच्यावर हात आपटला. एकदा, दोनदा. मी विचारलं, सांगितलंस तर तलावाचं काय होईल?

त्यानं खाली पाहिलं. म्हणाला, शालिकला तेवढंच निमित्त पाहिजे. ज्यानं तलाव मारला तोच औषध घेऊन आला, असं म्हणतील. योजना परत जाईल. पिंजरे पडतील.

"तरी सांगशील?"

"मले आता सहन होत नाही, वैनी."

मी ताटं उचलली, घरधन्यांना कुशीवर वळवलं, लुगडं बदललं आणि त्याच्या मागं सभेला गेले.

सभा पाळीखालच्या टिनाच्या शेडमध्ये होती. तिथं आमच्या घराला बंदी नव्हती, पण मी इतक्या वर्षांत आत पाय ठेवला नव्हता. बायका सरकल्या. फुलवंताच्या सुनेनं पोतं टाकलं. ठेकेदाराचा माणूस खुर्चीवर, मनिराम खुर्चीवर, बाकीचा टोला जमिनीवर. मनिराम आधी योजनेबद्दल बोलला आणि चांगलं बोलला. तलाव एका माशानं मरत नाही, त्यानं सांगितलं. वरचं जंगल तुटलं, खत आलं, मिलची राख आली, काठ बुजवून धान लावलं. पण गवत गेलं तेव्हा तलावाचं पांघरूण गेलं, आणि मग बाकीचं सगळं त्याला बाधलं. म्हाताऱ्या बायकाही ऐकत होत्या. कमळ परत येईल का असं एकीनं विचारलं. तो म्हणाला, येते, गाळात बी जिवंत असते, पुष्कळ वर्षं वाट पाहते.

मग शालिक उठला. दिसायला गोड माणूस. म्हणाला, मनिरामभाऊ आपल्या गावाचं भूषण, त्यांच्या ज्ञानाला नमस्कार. पण एक अडचण आहे. याच घरातून एकदा आपल्याला न विचारता तलावात हात घातला गेला. आता पुन्हा त्याच घराच्या हाती तलाव द्यायचा, तर लोकांना भीती वाटते. यांच्या दादानं, डोमाजीनं, का सोडले मासे, हे आजपर्यंत कोणाला कळलं नाही. साहेब भाऊ आहेत, त्यांना तरी ठाऊक असेल. सांगून टाकावं.

ठेकेदाराचा माणूस पायावर पाय टाकून हसला.

मनिराम उभा राहिला. त्याचा चेहरा मला ओळखीचा होता. लहानपणी चोरून गूळ खाल्ला की माझ्यापुढं यायच्या आधी असाच व्हायचा, राखेसारखा, पण आतून सुटका झाल्यासारखा. तो म्हणाला, "माझ्या दादानं..."

शेडच्या उघड्या बाजूनं तलाव दिसत होता. भरलेला, हिरवा, वर एक पाखरू नाही. काठाला टोल्यातल्या लेकीसुना उभ्या होत्या, त्यांच्यातल्या निम्म्यांनी या पाण्यात कमळ पाहिलेलं नव्हतं. माझ्या कानात माच्यावर आपटणारा तो हात वाजत होता. तो हात काय म्हणत होता ते मला आता कळलं. मी याची किंमत दिली आहे, आता कोणी ती परत करू नका, मला ती परत घ्यायची नाही.

मी उठले. म्हटलं, "बस, मनिराम. ते मी बोलते."

सगळे वळले. मला बोलताना त्यांनी पुष्कळ ऐकलं होतं, पण या आवाजात नाही. मी म्हटलं, "मासे आमच्या घरधन्यानं सोडले. कायले सोडले ते मी सांगते. गर्व होता. ठराव त्याचा, अध्यक्ष तो, त्याले वाटलं आपण म्हणू ते पाणी ऐकेल. चुकी आमच्या घराची आहे. तुम्ही वाटा बंद केला, बरोबर केला. मी तुमच्याशी भांडली, ते माझं चुकलं."

मी पुढं म्हटलं, "आता त्याचा भाऊ तलाव दुरुस्त करायले आला. एका घराची चुकी त्याच घरानं निस्तरायची का दुसऱ्याले तलाव विकायचा, ते तुम्ही ठरवा. आमचं एकच म्हणणं. आम्हाले वाटा नोको. आता नोको, कधीच नोको. तलाव तुमचा राहू द्या."

आणि मी पदर पसरून वाकले. टोल्यापुढं. माझ्या मानेला ती सवय नव्हती, ती मोडली तेव्हा दुखली.

फुलवंताच्या सुनेनं सगळ्यांत आधी योजनेच्या ठरावावर अंगठा दिला. मग बायका एकामागून एक उठल्या. बायका उठल्यावर पुरुषांना बसता येईना. शालिकनं इकडं तिकडं पाहिलं आणि हात जोडून म्हणाला की लोकांची इच्छा तीच आपली. जीप परत गेली. म्हाताऱ्या बुधाजीनं मनिरामला मिठी मारली आणि जाहीर केलं की उद्याच्या पहिल्या जाळ्याचा पहिला वाटा मनिरामच्या नावाचा. टाळ्या पडल्या. तो उभा होता, हात खाली सोडून, जसा पाण्यात उभा असलेला खुंट.

घरधनी त्या कार्तिकात गेले. वाटा आला नाही. तलावात आता चिला आहे, देवधान आहे, मागच्या साली सारसाची जोडी येऊन राहिली. मनिरामलाही जाऊन एक वर्ष झालं. दोघंही गेले, तलाव कोणाला देता येणार नाही इतका जिवंत झाला, म्हणून मी आता हे बोलून राहिले. किसनला सांगितलं आहे, टोल्यालाही सांगणार आहे. पण त्या संध्याकाळी बोलायची वेळ नव्हती.

सभेनंतर आम्ही पाळीवरून घरी निघालो. लोक मागं राहिले. तो पाळीवर चालत होता, तीस वर्षांनी, आणि पाण्याकडे पाहत नव्हता. मध्येच थांबला. म्हणाला, "वैनी, मले बोलू का नाही दिलं? दादाचं नाव तू आपल्या तोंडानं मातीत घातलं. मले बोलायचं होतं."

मी थांबले आणि त्याच्याकडे पाहिलं. काठी घेऊन ज्याला शिकवलं तो हाच. केस पांढरे, डोळ्यांवर चष्मा, आणि तोंड अजून मारासाठी पुढं केलेलं. त्याला मार पाहिजे होता. मार खाल्ला की पोरगं रडून झोपतं.

"तुले बोलायचं नव्हतं," मी म्हटलं. "तुले मोकळं व्हायचं होतं. तलाव गेला असता चालला असता, पण तुझं ओझं उतरलं पाहिजे होतं. तेव्हाही तू आपल्यासाठीच पाण्यात उतरला, आजही आपल्यासाठीच बोलायले उठला. मी नाही उतरू देणार ते ओझं. तुझा दादा तुझ्यासाठी गप्प राहिला, आता तू तलावासाठी गप्प राहायचं. उद्या ते लोक पहिला वाटा देतील, दोन्ही हातांनी घ्यायचा. शाल देतील, पांघरायची. दादाले शिव्या देतील, तिथं बसून ऐकायच्या, उठून जायचं नाही. बायकोजवळ बोलायचं नाही, लेकराजवळ नाही, माझ्याजवळ तर पुन्हा कधीच नाही. आणि एक ऐकून ठेव, मनिराम. त्यानं तुले माफ केलं असेल, ते त्याचं. मी नाही केलं. तलाव बरा केलास तरी करणार नाही. पण तलाव बरा कर."